कातडी बॅगेची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराचा माळा झाडावयास घ्यावा, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांमागें, फुटक्या कंदिलाच्या शेजारीं, एखादी कातडी बॅग हातीं लागावी, असा योग पुष्कळांना येतो. पितळी कुलूप हिरवें पडलेलें, मूठ एका बाजूनें सुटलेली, अंगावर बुरशीची पांढरी राख. घरांतील वडील मंडळी ती आजोबांची म्हणून ओळखतात; तरुण मंडळी ती उघडून पाहतात आणि विचारतात, ही आतां वापरतां येईल काय? प्रश्न लहान आहे. पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ती बॅग कशाची केलेली आहे, कोणीं केली आणि या घरांत ती केव्हां शिरली, हें जाणलें पाहिजे. वस्तूचा इतिहास ठाऊक नसतां केलेली दुरुस्ती पुष्कळदां वस्तूचाच नाश करते.

कागदपत्रें कातड्यांत ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाहीं. मराठेशाहीचें दप्तर कापडांत बांधलेलें असे. चौकोनी कापडाच्या मधोमध कागदांचे गठ्ठे ठेवून चारी टोकें बांधीत, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे हजारों रुमाल आहेत. गांवोगांवच्या कुलकर्ण्यांचीं आणि देशपांड्यांचीं दप्तरेंही याच रीतीचीं. मोडी लिहिलेला कागद लांबट आणि घडी घालण्याजोगा. त्यास मऊ कापडच सोयीचें पडे. दुसरें कारण सोवळ्याओवळ्याचें होतें. कातडें पायांत चाले, घोड्याच्या खोगिराला चाले, विहिरीवरच्या मोटेला चाले, आणि त्या मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला बिनदिक्कत स्वयंपाकघरांतही जाई. पण ज्या पोथीपुस्तकांची दसऱ्याला पूजा व्हावयाची, त्यांस कातड्याचा स्पर्श कसा चालावा? म्हणून कातडें उंबऱ्याबाहेर राहिलें आणि कागद रुमालांत राहिला.

हा उंबरा कातड्यानें कसा ओलांडला, हें वऱ्हाडाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्याबरोबर नवी महसूल व्यवस्था आली, कचेऱ्या आल्या, दिवाणी कोर्टें आलीं. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तेथला कापूस मँचेस्टरला पोंचेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसाला अपूर्व भाव आला. याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता मलकापूर, नांदुरा, शेगांवकडून पुढें सरकत होता. १८६७ मध्यें तो नागपूरला जाऊन भिडला. खामगांवची कापसाची पेठ मुख्य रस्त्यापासून बाजूला राहिली होती, म्हणून जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें ८ मैलांचा फांटा घालण्यांत आला आणि १८७० मध्यें खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तो खुला झाला. जेथें कापूस तेथें पैसा, जेथें पैसा तेथें गहाण, करार आणि दावे. आणि जेथें दावे तेथें वकील, हा क्रम ठरलेलाच आहे. अमरावतीला दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांच्यासारखे वकील सार्वजनिक जीवनाचे पुढारी झाले. मुधोळकर तर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्याच वर्गांतले लहानमोठे वकील, मुनसफ, डॉक्टर आणि तपासणी अधिकारी तालुक्यातालुक्यांत वावरूं लागले. घाटाखालच्या मलकापूर, खामगांवाहून घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकराकडे जावयाचें म्हणजे दमणींत किंवा टांग्यांत धूळ, ऊन आणि पावसाळ्यांत चिखल. तेथें रुमाल पुरा पडेना.

कागदही बदलला होता. इंग्रजी अंमलांत फुलस्केप ताव आला. सुमारें ८ इंच रुंद आणि १३ इंच लांब असा हा ताव सपाट ठेवावयाचा, घड्या पाडावयाच्या नाहींत. त्याच्या मापानेंच बॅगेचें माप ठरलें. जुन्या वकिली बॅगा १६ इंचांच्या आसपास लांब आढळतात, त्याचें कारण हा कागद. विलायतेंत बॅरिस्टरास अशिलाच्या वतीनें खटल्याचा जो लेखी गोषवारा देत त्यास ब्रीफ म्हणत. तो ज्यांत न्यावयाचा ती ब्रीफकेस. मधोमध दोन फांकांत उघडणारी पोटाळ बॅग इंग्लंडचे मुत्सद्दी ग्लॅडस्टन यांच्या नांवानें ओळखली जाई, आणि ती प्रवासी व डॉक्टर मंडळींत अधिक प्रिय होती. बजेट हा शब्दसुद्धां लहान कातडी पिशवी या अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दापासून निघाला आहे. तेव्हां कातडी पिशवी आणि राज्याचा हिशेब यांचा संबंध पाश्चात्त्यांकडे जुनाच होता; आपल्याकडे तो कोर्टकचेरीच्या वाटेनें आला.

आतां ज्यांच्या हातांनीं हें कातडें तयार होई त्यांच्याकडे वळलें पाहिजे. महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत या कामाची विभागणी जातीनुसार होती. मेलेलें जनावर ओढून नेणें महारांकडे, कातडें कमावणें ढोरांकडे, आणि कमावलेल्या कातड्याच्या वहाणा, मोटा, नाडे, पखाली करणें चांभारांकडे. मोबदला बहुधा बलुत्याचा, म्हणजे खळ्यावरच्या धान्याचा. काम कष्टाचें आणि कसबाचें होतें. कातडें प्रथम पाण्यांत भिजवून, मग चुन्याच्या पाण्यांत ठेवून त्याचे केस सैल करीत. केस आणि आंतलें मांस रापीनें खरवडून काढीत. चुना धुऊन टाकीत. आणि मग बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या काढ्यांत तें मुरवीत. कित्येक ठिकाणीं कातड्याचीच पिशवी शिवून, ती तिवईला टांगून, आंत साल आणि पाणी भरीत. काढा कातड्यांतून झिरपून खालीं गळे आणि पुन्हां वरून ओतला जाई. सालीचा तुरटपणा कातड्याच्या तंतूंत शिरला कीं तें कुजत नाहीं; कमावणें याचा अर्थ एवढाच. वऱ्हाडांत नाल्याकांठीं बाभूळ आणि माळावर तरवड यांना तोटा नव्हता. अशा रीतीनें कमावलेलें कातडें प्रथम फिकट तपकिरी असतें. हात, ऊन आणि तेल लागून तें वर्षानुवर्षें गडद होत जातें. जुन्या बॅगेची जी कांति डोळ्यांत भरते ती हीच.

तरी बॅगा प्रथम येथें होत नव्हत्या. कानपुरास १८५७ च्या बंडानंतर लष्कराच्या जीनसामानाचा सरकारी कारखाना निघाला, आणि १८८१ मध्यें कूपर अॅलन कंपनी उभी राहिली. तेथला माल रेल्वेनें सर्वत्र जाऊं लागला. मुंबईला धारावी येथें, तामिळ प्रांतांतून आलेल्या कसबी मुसलमान व्यापाऱ्यांनीं आणि कारागिरांनीं कातडें कमावण्याचे कारखाने वाढविले. मग जिल्ह्याच्या गांवीं बसणारा चर्मकारही विलायती बॅग उसवून, तिचे तुकडे पाहून, तशीच दुसरी शिवूं लागला. ज्याच्या हातास मोटेची जाड शिवण साधली होती त्याला बॅगेची शिवण अवघड नव्हती.

याच काळांत कातड्याच्या शास्त्रांत मोठें स्थित्यंतर झालें. १८८४ मध्यें न्यूयॉर्क येथील ऑगस्टस शुल्ट्झ यानें क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. सालीनें जें काम आठवडे किंवा महिने घेई तें क्रोमनें थोड्या दिवसांत होऊं लागलें. हिंदुस्थानांत मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १९०३ च्या सुमारास ही रीत आणली, आणि विशेष हें कीं, त्यांच्या नजरेपुढें प्रथम बूट किंवा बॅगा नव्हत्या, तर शेतकऱ्याची मोट होती. पाण्यांत सतत भिजणारी मोट क्रोमच्या कातड्याची केल्यास अधिक टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढें क्रोमचें कातडें बूट आणि बॅगा यांत शिरलें तें मऊपणामुळें आणि स्वस्ताईमुळें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतां येईल. माळ्यावरची, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत अथवा मुंबईच्या चोरबाजारांत दिसलेली बॅग घ्यावी कीं न घ्यावी, हें चार गोष्टींवरून ठरतें. पहिली गोष्ट कातड्याची जात. कापलेली कड पाहावी. सालीनें कमावलेलें कातडें कडेला आरपार तपकिरी दिसतें. क्रोमच्या कातड्याच्या गाभ्यांत बहुधा निळसर-करडी झांक असते. आणि कडेला कापडाचे धागे दिसले तर तें कातडेंच नव्हे, मेणकापड समजावें. दुसरी गोष्ट कातड्याचें आयुष्य. कोरड्या बोटानें आंतली घडी चोळावी. बोटाला लाल, विटकरीसारखी भुकटी लागली तर हवेंतील गंधकी आम्लानें तें कातडें आंतून कुजलें आहे; हा रोग सालीच्या कातड्याला विशेष जडतो आणि तो बरा होत नाहीं. अशी बॅग आठवण म्हणून कांचेच्या कपाटांत ठेवावी. रोजच्या कामास घेऊं नये. नुसतें कोरडें पडलेलें कातडें मात्र सुधारतें. तिसरी गोष्ट शिवण. हाताच्या शिवणींत एकाच छिद्रांतून दोन सुया विरुद्ध बाजूंनीं जातात, म्हणून एक टांका तुटला तरी शेजारचे टिकतात. यंत्राच्या शिवणींत एक टांका गेला कीं पुढचे उसवूं लागतात. चौथी गोष्ट धातूची. कुलुपाला लोहचुंबक लावावें. तो चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि आंत लोखंड. खऱ्या पितळेचें कुलूप नीट करतां येतें; गंजलेलें लोखंड भोंवतालच्या कातड्यालाही खाऊन टाकतें.

मापाची चिंता नको. आजचा ए-४ कागद ८¼ इंच रुंद आणि ११¾ इंच लांब, म्हणजे फुलस्केपापेक्षां आंखूड आहे. आजोबांच्या बॅगेंत तो सुखानें राहतो, आणि १४ इंची लॅपटॉपही पुष्कळशा बॅगांत मावतो. फक्त वजन पाहावें. जाड कातड्याची मोठी बॅग रिकामीच जड असते. भरल्यावर तिचा सारा भार मुठीवर पडतो, आणि मूठ हीच जुन्या बॅगेची पहिली दुबळी जागा.

दुरुस्तीचा पहिला नियम असा कीं, घाई करूं नये. बुरशी असेल तर बॅग घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला फडकें बांधून, मऊ ब्रशानें झाडावी. मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानें पुसून सावलींत, वाऱ्यावर वाळवावी. घाटाखालच्या वैशाखांत हवा इतकी कोरडी आणि तप्त असते कीं, उन्हांत ठेवलेलें ओलें कातडें एका दुपारींत पापडासारखें कडक होतें. पुसल्यावर खोगिराचा साबण अगदीं थोडा लावावा. नंतर तेलाचा प्रश्न येतो, आणि येथेंच बहुतेकांची चूक होते. मोटेला आणि वहाणांना एरंडेल पाजण्याची जुनी रीत होती, म्हणून पुष्कळ जण बॅगेलाही एरंडेल चोपडतात. मोट रोज पाण्यांत बुडे, तिला तेवढें तेल लागे. बॅगेला लागत नाहीं. अधिक तेलानें कातडें काळवंडतें, लिबलिबीत होतें, दोरा कुजतो, आणि आंतल्या कागदांना डाग पडतात. पातळ हात फिरवावा, एक दिवस थांबावें, कातडें अजून तहानलेलें दिसलें तरच दुसरा हात द्यावा. बुटाचें रंगीत पॉलिश लावल्यानें जुनी कांति झांकली जाते आणि कपड्यांना डाग लागतो. त्याऐवजीं बिनरंगी मेण बरें.

शिवणीचें काम मात्र घरीं करूं नये. तें चर्मकाराकडे न्यावें, आणि त्याला एकच गोष्ट सांगावी, ती बहुधा तो स्वतःच सांगेल: जुन्या छिद्रांतूनच नवा दोरा न्यावा. नवीं छिद्रें पाडलीं कीं त्या ओळीवर कातडें पोस्टाच्या तिकिटासारखें फाटतें. मूठ बदलावयाची तर जाडीनें आणि रंगानें मिळतें कातडें घ्यावें, पण जुन्या कड्या शाबूत असल्यास त्याच ठेवाव्या. पितळ हलक्या हातानें, कातड्याखालीं कागद सरकवून घांसावें. जें शाबूत आहे त्यास हात लावूं नये. शेवटीं, बॅग वापरांत नसेल तेव्हां आंत स्वच्छ कापडाचा बोळा भरून ती उघड्या हवेंत ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवलेल्या कातड्याला पावसाळ्यांत बुरशी आल्यावांचून राहत नाहीं.

परंतु हें काम करणारा चर्मकार आज कोठें आहे? विहिरीवर इंजिन आणि विजेचा पंप आला, मोट गेली, आणि मोटेबरोबर गांवच्या कातडी कामाचा मोठा आधार गेला. कातडें पुरविणारी साखळीही तुटली, आणि तुटली तें योग्य कारणानें. १९२७ च्या मार्चमध्यें महाड येथील परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. मेलेलीं गुरें ओढण्याचें काम टाकण्याची चळवळ १९५६ च्या धर्मांतरानंतर गांवोगांव पसरली. जें काम करणाऱ्याला अस्पृश्य ठरवून त्याच्याच माथीं मारलें होतें, तें त्यानें नाकारलें, यांत खेद करण्याजोगें कांहीं नाहीं. खेद वाटावा तो या गोष्टीचा कीं, कसबाला मान आणि दाम देऊन तें टिकवितां आलें असतें, तें समाजानें वेळेवर केलें नाहीं. १९७४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें चर्मोद्योगासाठीं महामंडळ स्थापलें. पुढें त्याला संत रोहिदासांचें नांव मिळालें. १९७१ मध्यें मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला, आणि धारावींतील कातडें कमावण्याचे कारखाने क्रमानें ओसरले. बॅगा शिवणारे हात तेथें राहिले, कातडें मात्र बहुतेक बाहेरून येऊं लागलें. त्याच दशकांत साच्यांत ओतलेल्या प्लास्टिकच्या पेट्या घरोघर शिरल्या. २०१५ मध्यें महाराष्ट्रांत बैल आणि वळू यांच्या हत्येवरही बंदी आली, आणि कच्च्या कातड्याचा पुरवठा अधिकच आटला.

योगायोग असा कीं, याच काळांत देशाच्या हिशेबाचीही बॅग बदलली. इंग्लंडांत ग्लॅडस्टन यांच्यासाठीं १८६० च्या सुमारास केलेली लाल कातड्यानें मढविलेली पेटी २०१० पर्यंत बजेटाच्या दिवशीं दिसे. स्वतंत्र भारताचें पहिलें बजेट षण्मुखम् चेट्टी यांनीं २६ नोव्हेंबर १९४७ रोजीं मांडलें, तेव्हां त्यांच्या हातीं कातडी बॅग होती. ५ जुलै २०१९ रोजीं निर्मला सीतारामन् यांनीं ती चाल मोडून लाल कापडांत गुंडाळलेलें बजेट आणलें. दीडशें वर्षांपूर्वीं रुमालांतून बॅगेंत गेलेला हिशेब पुन्हां रुमालांत आला, असें कोणी म्हटल्यास तें चूक नव्हे.

मग आजोबांच्या बॅगेनें काय करावें? टिकाऊ असेल तर वापरावी. चांगलें कातडें नीट राखल्यास आणखी एक पिढी सहज चालतें. पण तिच्या शिवणीकडे एकदां निरखून पाहावें. ज्या काळीं ती केली गेली त्या काळीं बॅग दिवाणखान्यांतून थेट लिहिण्याच्या मेजावर जाऊन बसे, आणि ती शिवणारा माणूस अंगणांत उभा राहून, दुरून टाकलेले पैसे झेलून परत जाई. त्याच्या हातचें कसब घराला चाललें. तो चालला नाहीं. त्या घराच्या नातवानें आज ती बॅग दुरुस्तीला नेली, तर भाव करतांना हें ध्यानांत असूं द्यावें. आणि मजुरी हातांत द्यावी.